गरज सरो, रोझेनबर्ग मरो

केन रोझेनबर्गचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा आमच्या पहिल्या भेटीला दहा वर्षं उलटून गेली होती.

ती भेट झाली आमच्या गावातल्या एका सायबर कॅफेत. तासाचे वीस रुपये, एक कॉम्प्युटर, एक खुर्ची आणि खुर्चीशेजारी एक प्लॅस्टिकचं स्टूल. खुर्चीवर पैसे देणारा मित्र बसायचा, स्टुलावर मी. गेम अर्थातच 'जीटीए : व्हाइस सिटी'. त्या कॅफेत होती ती कुणीतरी कापून छोटी केलेली कॉपी. जागा वाचवायला तिच्यातली गाणी आणि संवादांचे आवाज काढून टाकलेले. गाडी ठोकली की आवाज यायचा, गोळी झाडली की यायचा, पण माणसं बोलायला लागली की सगळं चिडीचूप. कुरळ्या केसांचा, चष्मेवाला एक वकील हातवारे करत, घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्यानं टॉमीला काहीतरी सांगत राहायचा आणि मित्र वैतागून म्हणायचा, "अरे, पळव याला पुढे, तासाला वीस रुपये जातायत."

मग बटण दाबलं जायचं आणि वकील गायब.

माझ्या वयाच्या कितीतरी पोरांनी ही मालिका अशीच खेळली असणार. मिशन कुणाला पूर्ण करायचं होतं! रणगाडा मागवायचा, पोलीस मागे लावायचे, समुद्रकिनाऱ्यावर धुमाकूळ घालायचा. मित्राचे दोन्ही हात गाडी चालवण्यात गुंतलेले, त्यामुळे चीट कोड टाइप करायचं काम स्टुलावरच्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे. आज ही मालिका पुन्हा नीट, आवाजासकट खेळताना मला जाणवलं, की मला तिच्यातल्या नायकांबद्दल फारसं काही म्हणायचं नाहीये. बोलायचंय ते स्टुलावरच्या माणसांबद्दल.

रडारवरचं अक्षर

पहिला 'ग्रँड थेफ्ट ऑटो' आला १९९७ मध्ये. पण आज आपण ज्याला जीटीए म्हणतो, तो आकार त्याला मिळाला २००१ च्या 'जीटीए थ्री'मध्ये. त्या गेमचा नायक अख्ख्या गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. बोलतात ते बाकीचे : काम देणारे, धमकावणारे, फसवणारे. मोठ्या पडद्यावरच्या गोष्टीत नायक बोलतो आणि बाजूची पात्रं ऐकतात. इथे सुरुवातच उलटी झाली. गोष्ट सांगायची जबाबदारी बाजूच्या पात्रांवर आणि नायकाकडे फक्त हात-पाय.

पुढे 'व्हाइस सिटी'त (२००२) टॉमी व्हर्सेटीला रे लिओटाचा आवाज मिळाला, नायक बोलू लागले, पण मूळचा साचा तसाच राहिला. बाजूचं पात्र म्हणजे रडारवरची एक खूण. त्या खुणेपाशी जायचं, माणूस भेटतो, काम सांगतो, आपण ते करतो, पैसे मिळतात. त्याची कामं संपली की रडारवरून ती खूण पुसली जाते. माणूस मेला की जिवंत आहे, याला महत्त्व नाही. त्याचा उपयोग संपला.

आपल्याकडे यासाठी फार जुनी म्हण आहे : गरज सरो, वैद्य मरो. या मालिकेचा सगळा कारभार या म्हणीवर चालतो. आणि तिच्यातली सगळ्यात चांगली बाजूची पात्रं तीच, जी या म्हणीला कुठेतरी अडसर घालतात. त्यांच्यावर मीम निघत नाहीत, टी-शर्ट निघत नाहीत. बिग स्मोकची हॉटेलातली ऑर्डर आणि ट्रेनच्या मिशनवरची त्याची बोलणी जगभर पाठ आहेत. लमार आणि फ्रँकलिनची बाचाबाची लोकांनी शंभर प्रकारे पुन्हा बनवली. मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय, ती माणसं एवढी नशीबवान नाहीत.

दोन गेममधला वकील

तर, केन रोझेनबर्ग. गोष्ट १९८६ सालची. पंधरा वर्षं तुरुंगात काढून आलेल्या टॉमीला विमानतळावरून घेऊन जाणारा माणूस हाच. बंदरावर व्यवहार फसतो, बाकीचे मरतात आणि गाडीत बसून घाबरलेला रोझेनबर्ग जिवंत उरलेल्या टॉमीला तिथून बाहेर काढतो. म्हणजे व्हाइस सिटीच्या सम्राटाचा पहिला सारथी हा भित्रा वकील. पुढचं सगळं राज्य या एका पळण्यावर उभं आहे.

तो शूर नाही, सरळही नाही. कोकेनच्या आहारी गेलेला आहे आणि खटला जिंकण्यासाठी ज्युरीतल्या लोकांना धमकावायला टॉमीला पाठवतो. विल्यम फिचनरनं त्याला दिलेला आवाज पहिल्यांदा ऐकला, तेव्हा कळलं, की कॅफेत आम्ही काय कापून टाकलं होतं. त्या आवाजात सतत एक चिरका ताण आहे. आपण आपल्या कुवतीबाहेरच्या लोकांत येऊन पडलोय, हे पुरेपूर ठाऊक असलेल्या माणसाचा ताण. गेममधल्या बाकीच्यांना वाटतं, आपण सिनेमातले डॉन आहोत. रोझेनबर्गला एकट्याला माहीत आहे, की इथे माणसं खरोखर मरतात.

शेवटी लान्स व्हान्स गद्दार निघतो. देखणा, रंगीत सूट घालणारा, टॉमीच्या खांद्याला खांदा लावून फिरलेला लान्स. उरतो तो रोझेनबर्ग. अखेरच्या दृश्यात रक्तानं माखलेल्या बंगल्यात दोघं उभे असतात आणि आता आपल्या धंद्याचं नातं छान जमणार, अशा अर्थाचं काहीतरी टॉमी त्याला म्हणतो. पडदा पडतो. आपल्याला वाटतं, बरं झालं.

बरं झालेलं नाही, हे कळायला दोन वर्षं थांबावं लागलं. २००४ च्या 'सॅन अँड्रियास'ची गोष्ट १९९२ मध्ये घडते. लास व्हेंचुरासच्या कसिनोत एक मॅनेजर भेटतो. तीन माफिया घराण्यांच्या मध्ये अडकलेला, कोण कधी मारेल या धास्तीनं अर्धमेला झालेला. हा रोझेनबर्ग. व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर आल्यावर त्यानं जुन्या मित्राला फोन केले होते. टॉमीनं ते घेतले नाहीत.

बस्, एवढंच. टॉमी व्हर्सेटी पुढे कसा वागला, याबद्दल मालिकेनं दिलेली माझ्या मते ही सगळ्यात बोचरी बातमी, आणि ती कुठे दिली आहे? दुसऱ्याच गेममध्ये, दुसऱ्याच नायकासमोर, एका बाजूच्या पात्राच्या बोलण्याच्या ओघात. ज्यांनी बटण दाबून ते दृश्य पळवलं, त्यांच्यासाठी टॉमी अजूनही निळ्या फुलाफुलांच्या शर्टातला हिरो आहे. ज्यांनी ऐकलं, त्यांच्यासाठी तो फोन न उचलणारा माणूस आहे.

पुढे साल्वातोरे लिओनी सीजेला रोझेनबर्गला संपवायला सांगतो. गरज सरली, वैद्य मरायला हवा. आणि सीजे ते करत नाही. त्याला आणि त्याच्यासोबतच्या दोघांना जिवंत सोडतो, शेवटी आपल्याबरोबर घेऊनही जातो. सीजे टॉमीपेक्षा वेगळा नायक का आहे, याचं उत्तर द्यायला मी हीच जागा दाखवेन. आणि ते उत्तर मिळायला रोझेनबर्ग लागतो.

केंडलच्या नावाचं मिशन नाही

'सॅन अँड्रियास' म्हटलं की लोकांना ग्रोव्ह स्ट्रीट आठवते. आईच्या अंत्यविधीसाठी पाच वर्षांनी परतलेला सीजे, भाऊ स्वीट, बालमित्र स्मोक आणि रायडर. भाऊबंदकी, गल्ली, इमान. पण ही गोष्ट शांतपणे मांडून पाहा. रंगाच्या आणि गल्लीच्या इमानाच्या गप्पा मारणाऱ्या चौघांपैकी दोघं विकले गेलेले निघतात. आणि ज्याला घरात पाऊल टाकू द्यायचं नव्हतं, तो इमानी निघतो.

त्याचं नाव सीझर व्हिअल्पांडो. सीजेच्या बहिणीचा, केंडलचा, प्रियकर. मेक्सिकन वंशाचा, दुसऱ्या टोळीचा म्होरक्या. स्वीटला हे नातं मान्य नाही. बहिणीनं कुणावर प्रेम करावं, हे भावांनी ठरवायचं, ही रीत समजून घ्यायला आपल्याला लॉस सँटोसला जायची गरज नाही. सीजेला आधी सीझरची पारख करायला पाठवलं जातं. तो पारख करतो, सीझर त्यात उतरतो आणि पुढे एके दिवशी हाच सीझर सीजेला फोन करून एका जागी बोलावतो आणि ती हिरवी सेबर गाडी दाखवतो. आईच्या खुनातली गाडी, तिच्याभोवती भ्रष्ट पोलीस टेनपेनी आणि आपला बिग स्मोक. गोष्टीतलं सगळ्यात मोठं सत्य रक्ताच्या नात्याकडून कळत नाही, ते होणाऱ्या मेहुण्याकडून कळतं.

तरी सीझरला निदान स्वतःच्या नावाची मिशन आहेत. केंडलला एकही नाही. शंभराच्या आसपास मिशन असलेल्या एवढ्या अवाढव्य गेममध्ये तिच्या नावाची खूण रडारवर कधीच उमटत नाही. रेसमध्ये जिंकलेलं सॅन फिएरोतलं गॅरेज प्रत्यक्षात पडकं खोपटं निघतं. सीजे हातपाय गाळून बसतो. तिथे त्याला उभं करते केंडल. हे आपलं आहे, यातून काहीतरी बनवता येईल, हे तिला आधी दिसतं. सीजेचा गुंडगिरीपलीकडचा पहिला धंदा तिथून उभा राहतो. भाऊ गल्ली परत मिळवण्याची स्वप्नं बघतात, बहीण गल्लीबाहेर जगता येतं हे ओळखते. गेमच्या गोष्टीत सगळ्यात दूरचं दिसणारं माणूस तीच.

आणि खेळाडूंना केंडलचं काय आठवतं? तिची छेड काढली म्हणून सीजे शेजारच्या बांधकामाच्या साइटवर जाऊन मुकादमाला फिरत्या संडासासकट खड्ड्यात ढकलतो आणि वरून सिमेंट ओततो. तो संडास सगळ्यांना आठवतो. ज्या अपमानावरून हे सुरू झालं, तो कुणाचा होता, ते आठवायला क्षणभर थांबावं लागतं. इथे दोष निव्वळ खेळाडूचा नाही. लेखकांनीही तिला शहाणपण दिलं, पण काम दिलं नाही. आणि या मालिकेत ज्याच्याकडे काम नाही, तो दिसत नाही.

फोन वाजतो

२००८ चा 'जीटीए फोर' ही सगळी गोष्ट उलटी करून बघतो. इथे पात्रं काम नसतानाही फोन करतात. पूर्व युरोपातून जहाजानं लिबर्टी सिटीत आलेल्या निकोला त्याचा चुलतभाऊ रोमन सतत बोलिंगला बोलावतो. जगभर याची थट्टा झाली. ऐन पाठलागात, ऐन गोळीबारात फोन वाजतो आणि पलीकडून रोमन : चल ना, बोलिंग. आपण नाही म्हटलं तर त्याच्या आपल्याबद्दलच्या आवडीचा आकडा खाली येतो. वैतागलेल्या लोकांनी फोनला 'स्लीप मोड' असतो हे शोधून काढलं आणि एकमेकांना सांगितलं.

मला ही थट्टा पटते. ते फोन खरंच त्रासदायक आहेत. पण रोमननं निकोला बोलावून घेतलं होतं ते बंगला, गाड्या आणि ऐषारामाच्या थापा मारून. प्रत्यक्षात होती झुरळांनी भरलेली खोली, एक छोटा टॅक्सी डेपो आणि जुगाराची उधारी. परगावी एकट्या पडलेल्या माणसानं केलेला फोन असाच असतो. अवेळी येणारा, काही काम नसलेला. तो त्रासदायक वाटणं हेच त्या लिखाणाचं यश आहे.

पण रोमनला आता सहानुभूती मिळायला लागली आहे. ड्वेन फोर्जला अजून नाही. हा एके काळचा मोठा ड्रग-सम्राट. तुरुंगातून सुटून येतो, तर धंदा त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या प्लेबॉय एक्सच्या ताब्यात. प्रेयसीनं दगा दिलेला. शहर बदललेलं, बोलण्याची पद्धत बदललेली, आणि हा खिन्न माणूस कुणाशी बोलावं हे न कळल्यामुळे निकोशी बोलतो. मग प्लेबॉय सांगतो, ड्वेनला मार. ड्वेन म्हणतो, प्लेबॉयला मार. निवड आपली.

ड्वेनला मारलं तर २५ हजार डॉलर मिळतात आणि प्लेबॉय आपल्याशी संबंध तोडतो. मारायला सांगणाऱ्यालाच आपली किळस येते. प्लेबॉयला मारलं तर रोख काही नाही, पण त्याचा आलिशान फ्लॅट मिळतो आणि ड्वेन मित्र होतो. गरज पडली तर मदतीला माणसंही पाठवतो. साहजिकच सगळे एकमेकांना सांगतात : ड्वेनला वाचव, फ्लॅट मिळतो.

इथे मला या गेमचा राग येतो. ड्वेनला वाचवण्याबद्दल खेळाडूला काहीच मिळालं नसतं, तर? पहिल्यांदा खेळताना मी ड्वेनलाच वाचवलं होतं. पण फ्लॅटचं मला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं. त्यामुळे मी त्याच्या एकटेपणासाठी थांबलो की त्या खिडकीतून दिसणाऱ्या शहरासाठी, याचं उत्तर मी आजही देऊ शकत नाही. दयेला बक्षीस जोडलं की दया तपासता येत नाही.

केटचा काय उपयोग?

हा पेच बक्षिसाविना कसा दिसतो, तेही याच गेममध्ये आहे. त्याचं नाव केट मॅकरीरी. आयरिश गुन्हेगारांच्या घरातली मुलगी. भाऊ टोळीत, पोलिसात, तुरुंगात, आणि ही आईला सांभाळत घरी.

'जीटीए फोर'मध्ये मैत्रीला फळ असतं. रोमनशी जमलं की टॅक्सी फुकट. लिटल जेकब शस्त्रं आणून देतो, ब्रूसी हेलिकॉप्टर पाठवतो. निकोच्या मैत्रिणींपैकी कारमेन नर्स आहे, तिच्या सल्ल्यानं तब्येत सुधारते. किकी वकील आहे, तिला फोन केला की मागे लागलेले पोलीस कमी होतात. आणि केट? केट काही देत नाही. सवलत नाही, शस्त्र नाही, शय्यासोबतही नाही. ती फिरायला येते, बोलते, घरी जाते. म्हणूनच खेळाडूंच्या हिशेबात ती सगळ्यात 'बिनकामाची'.

आता शेवट पाहा. निकोपुढे दोन रस्ते असतात : जुना वैरी दिमित्रीशी पैशासाठी व्यवहार करायचा, किंवा सूड घ्यायचा. रोमन म्हणतो, पैसे घे, नवं आयुष्य सुरू करू. केट म्हणते, तत्त्व सोडू नकोस. पैसे घेतले तर रोमनच्या लग्नात रोमन मरतो. सूड घेतला तर त्याच लग्नात केट मरते. म्हणजे ज्याचा सल्ला आपण ऐकतो, तोच माणूस जातो. आपण ज्याच्यावर विश्वास टाकतो, त्यालाच त्याची किंमत मोजावी लागते. डॅन हाउझर आणि त्याच्या सहलेखकांनी या मालिकेत रचलेली ही मला सगळ्यात निर्दय आणि सगळ्यात प्रामाणिक रचना वाटते.

पण बघा, केट गेल्यावर खेळाडूच्या हातातली एकही सोय कमी होत नाही. फोनमध्ये एक नाव कमी होतं, बाकी शहर जसंच्या तसं. रोमन आणि मॅलरीला बाळ होणार असतं. मुलगी झाली तर तिचं नाव केट ठेवू, असं रोमन सांगतो. तेवढंच. म्हणून केट ही खरी परीक्षा आहे. तिच्यासाठी वाईट वाटलं तर ते निखळ तिच्यासाठी वाटतं, त्यात दुसरा कुठलाच हिशेब मिसळलेला नसतो.

आक्षेप मला मान्य आहे : नायकाला दुःख व्हावं म्हणून बाईला मारायचं, ही गोष्टी सांगणाऱ्यांची जुनी, आळशी खोड आहे आणि केटचा मृत्यू त्यातच मोडतो. तिला आणखी दोन प्रसंग मिळाले असते, एखादं मत चुकलेलं दिसलं असतं, तर ती निकोच्या सदसद्विवेकाची पाटी न राहता माणूस झाली असती.

बंद दाराआड

२०१३ च्या 'जीटीए फाइव्ह'च्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. एवढ्या लोकांनी फ्लॉइडला पाहिलेलं आहे. बंदरावर काम करणारा, घाबरट, नीटनेटका. त्याचा गुन्हा एवढाच, की तो वेडचा चुलतभाऊ आहे आणि वेडच्या ओळखीनं ट्रेव्हर त्याच्या घरात घुसतो. होणाऱ्या बायकोचं, डेब्राचं, ते घर. ट्रेव्हर तिथे मुक्काम ठोकतो, घाण करतो, फ्लॉइडला छळतो. आपण हसतो, कारण ते विनोदी लिहिलं आहे. मग एक दिवस डेब्रा परत येते. दार बंद होतं. ट्रेव्हर रक्ताळलेल्या कपड्यांनी बाहेर येतो. आत काय झालं, ते गेम दाखवत नाही.

पुढे ट्रेव्हरचा मुक्काम एका स्ट्रिप क्लबमध्ये हलतो. नकाशावर घराची नवी खूण येते. जुनी पुसली जाते.

हिंसाचार दाखवायला कधीच न लाजलेल्या मालिकेनं नेमकं हेच दार बंद ठेवलं. काहींना तो संयम वाटतो. मला वाटतं, लेखकांना ठाऊक होतं, की हे दाखवलं तर आधीचं सगळं हसू आपल्या अंगावर येईल. रोझेनबर्गचा उपयोग संपला तेव्हा मालिकेनं परत येऊन त्याची विचारपूस केली. फ्लॉइडची कुणी केली नाही. दहा वर्षांत मालिका श्रीमंत झाली, पण या बाबतीत गरीब झाली.

डिसेंबर २०२३ मध्ये 'जीटीए सिक्स'चा पहिला ट्रेलर आला. नायक-नायिका जेसन आणि लुसिया, जागा पुन्हा व्हाइस सिटी. त्यात सगळे गाड्या, पाणी आणि ग्राफिक्स बघत होते. मी बघत होतो, मागे कोण उभं आहे.

त्याच महिन्यात जुने तीन गेम नेटफ्लिक्समार्फत फोनवर आले. 'व्हाइस सिटी' मी पुन्हा सुरू केला, या वेळी इअरफोन लावून. रोझेनबर्ग ऑफिसात येरझारा घालत बोलत होता. पळवायला एक बोट पुरलं असतं. मी पळवलं नाही.

मग कॅफेतल्या त्या मित्राला फोन लावला. आता तो दुसऱ्या शहरात असतो. त्याला रणगाडा आठवत होता, पुलावरून मारलेली उडी आठवत होती, कॅफेचं भाडंसुद्धा आठवत होतं. मी विचारलं, "चीट कोड कोण टाकायचं रे?"

तो जरा वेळ गप्प राहिला. "मीच की," म्हणाला.